नवं शैक्षणिक वर्ष: पहिल्या लेक्चरआधीच्या तीन आठवड्यांत करायची कामं

वर्ष बिघडलं हे कळतं परीक्षेच्या महिन्यात, पण बिघडतं ते बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात. दोन असाइनमेंट्स, एक प्रेझेंटेशन आणि एक चाचणी एकाच आठवड्यात येऊन आदळतात. तोवर मागचे दोन धडे वाचायचे राहिलेले असतात, प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धवट असतं, आणि मग पुढचे सगळे आठवडे मागचं फेडण्यात जातात. या तारखा काही अचानक उगवत नाहीत. त्यातल्या बहुतेक पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रमाच्या आराखड्यात छापलेल्या असतात, फक्त कोणी त्या एका कागदावर शेजारी-शेजारी मांडून पाहिलेल्या नसतात. वर्षाची तयारी म्हणजे मुख्यतः हा कागद आणि त्यामागचं तासांचं गणित. नवी बॅग, रंगीत पेनं, कोऱ्या वह्या यांची खरेदी शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकते.

तीन आठवडे हाताशी असतील तर पुढची कामं सावकाश होतात. एकच आठवडा उरला असेल तर नोंदणी, तासांचा हिशेब आणि तारखांचा कागद एवढं तरी कराच.

आधी मागच्या वर्षाची झडती

पहिल्याच वर्षाला प्रवेश घेतला असेल तर हा भाग सोडून पुढे जा. बाकीच्यांनी मागच्या वर्षाची गुणपत्रिका समोर घ्यावी आणि प्रत्येक विषयात गुण कुठे गेले ते शोधावं. अंतर्गत मूल्यमापनात गेले की लेखी परीक्षेत, हे आधी वेगळं करा. अंतर्गत गुण गेले असतील तर दोष बहुतेक वेळा हजेरीचा किंवा उशिरा दिलेल्या सबमिशनचा असतो, आणि त्यावर जास्त अभ्यास हा उपाय नाही.

लेखी परीक्षेत गेलेले गुण तीन प्रकारचे असतात. उत्तर माहीतच नव्हतं, उत्तर वाचलेलं होतं पण ऐन वेळी आठवलं नाही, आणि उत्तर येत होतं पण लिहायला वेळ पुरला नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर प्रत्येक गेलेल्या गुणापुढे १, २ किंवा ३ असा आकडा टाका. एकचे आकडे जास्त असतील तर वाचन कमी पडलं. दोनचे जास्त असतील तर वाचन भरपूर झालं, पण स्वतःला प्रश्न विचारून पाहिले नाहीत. तीनचे जास्त असतील तर घड्याळ लावून लिहिण्याचा सराव हवा. बरेचजण तिन्हींवर ‘यंदा जास्त वाचायचं’ हाच एक उतारा काढतात, म्हणून पुढच्या वर्षी गुण तिथेच राहतात.

एखादा विषय राहिला असेल तर तो आत्ताच वेळापत्रकात धरा. त्याची परीक्षा नव्या विषयांच्या परीक्षांना कधी खेटते ते पाहा, आणि तो विषय यंदाच्या कुठल्या विषयाची पूर्वअट आहे का तेही तपासा. पूर्वअट असेल तर तो नुसता उत्तीर्ण होण्यापुरता करून चालणार नाही.

नोंदणी: फी भरली म्हणजे नाव लागलं असं नाही

बहुतेक विद्यापीठांत फी भरणं, वर्षासाठी नोंदणी करणं आणि विषय निवडणं ही तीन वेगळी कामं असतात, आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात. फीची पावती आली की मुलं निश्चिंत होतात. मग दुसऱ्या आठवड्यात हजेरीपटावर नाव नाही, ग्रंथालयाचं खातं बंद, असाइनमेंट अपलोड करायचं पान उघडत नाही, असं एकेक सुरू होतं. तिन्ही कामं झाली का हे पोर्टलवर स्वतः उघडून पाहा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे खात्यातून गेले पण पोर्टलवर दिसत नसतील तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन लेखा विभागाला लेखी कळवा. दोनदा भरलेली रक्कम परत मिळवणं हे पहिलीचा शोध लावण्यापेक्षा फार लांबचं काम आहे.

लॉगिनची परीक्षा आजच घ्या. विद्यापीठाचा ईमेल, पोर्टल, ग्रंथालय आणि वायफाय या चारही ठिकाणी आत जाता येतंय का ते पाहा. इथे हमखास अडकवणारी गोष्ट म्हणजे पडताळणीचा कोड जुन्या, बंद झालेल्या मोबाइल नंबरवर जाणं. नंबर बदलायला कार्यालयात ओळखपत्र घेऊन जावं लागतं, आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यात त्या खिडकीसमोर सगळं विद्यापीठ उभं असतं. विद्यापीठाचा ईमेल फोनवर रोजच्या ईमेलशेजारीच जोडून टाका. मित्रांच्या ग्रुपवर येणारी सूचना ही ऐकीव माहिती असते. तारीख बदलली तर ती अधिकृत ईमेलवर येते आणि तीच ग्राह्य धरतात.

ऐच्छिक विषय निवडताना नावावर जाऊ नका. चार गोष्टी बघा: मूल्यमापन कसं आहे, पूर्वअट काय आहे, वेळ दुसऱ्या विषयावर आदळते का, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला जे शिकायचंय त्यासाठी हा लागतो का. तीन विषय असे निवडले की तिन्हींत सत्राअखेर मोठा प्रकल्प आहे, तर शेवटचे तीन आठवडे कसे जाणार हे आत्ताच ठरलं. एखादा चाचण्यांवर चालणारा विषय मध्ये असला की भार विभागला जातो. विषय सोपा असल्याचं ऐकून घेतलेला विषय हा अनेकांना शेवटी अवघड जातो, कारण तो सोपा वाटला त्याला त्यातलं आधीचं येत होतं.

प्रत्येक कागदपत्रावर नाव एकसारखं लिहिलेलं आहे ना, हेही आत्ताच पाहा. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरं असली की शिष्यवृत्ती किंवा परीक्षा अर्जाच्या वेळी गाडी अडते. ओळखपत्र, गुणपत्रिका आणि पावत्या स्कॅन करून पीडीएफ करा. अर्जाच्या पानांवर फाइलच्या आकाराची मर्यादा असते, म्हणून प्रत्येकीची एक मूळ आणि एक लहान केलेली प्रत ठेवा. लहान प्रत करून झाली की ती पूर्ण आकारात उघडून शिक्का आणि सही वाचता येते का ते बघा.

आठवड्यातले १६८ तास

वेळापत्रक करायला बसलं की हात आधी अभ्यासाचे तास लिहायला जातो. उलटं करा. आठवड्याचे १६८ तास घ्या आणि जे टळणार नाही ते वजा करत जा.

रात्रीची झोप ८ तास धरली तर ५६ गेले, उरले ११२. जेवणखाण, अंघोळ, कपडे, आवराआवर यांना रोज ३ तास म्हणजे २१, उरले ९१. जाण्या-येण्याचा दीड तास, आठवड्यातले ६ दिवस, म्हणजे ९. उरले ८२. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २४ तास धरले की हातात ५८ राहतात.

यातले अभ्यासाला किती लागतात? युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत हा हिशेब उघड मांडलेला आहे, म्हणून तो कुठल्याही विद्यार्थ्याला मोजमाप म्हणून उपयोगी पडतो. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ते परीक्षांसकट ४० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसदतीस ते ४५ तास होतात. यात लेक्चरही आलं आणि घरचा अभ्यासही. २४ तास वर्गात जात असतील तर स्वतः बसण्याचे साधारण १४ ते २१ उरतात. मधला १८ धरा. ५८ मधून १८ गेले, राहिले ४०. अर्धवेळ नोकरी १५ तासांची असेल तर २५.

कागदावर हे ऐसपैस दिसतं. घोटाळा असा की ते २५ तास सलग मिळत नाहीत. दोन लेक्चरमधला पाऊण तास, प्रवासातली वीस मिनिटं, जेवणानंतरचा पेंगुळलेला तास, अशा चिंध्यांत ते विखुरलेले असतात. म्हणून १८ तास ठरवताना ते कुठल्या जातीचे हे लिहा. गणितं सोडवणं, निबंधाचा मसुदा, अवघड प्रकरण यांना दीड ते दोन तासांचा सलग तुकडा लागतो. असे तुकडे आठवड्यात सहा-सात मिळाले तरी खूप झाले. ते पक्के करा आणि त्यांच्याशी डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसारखं वागा. मधल्या पाऊण तासात नोट्स नीट करणं, शब्दांची उजळणी, ईमेलची उत्तरं, झेरॉक्स अशी कामं ठेवा. त्या पाऊण तासात ‘पाचवं प्रकरण’ असं लिहिलंत तर ते पाचवं प्रकरण महिनाभर तसंच पुढे सरकत राहील.

आठवड्यात एक अर्धा दिवस रिकामा ठेवा, आणि त्याला मोकळा वेळही म्हणू नका. तो राखीव आहे. ताप येतो, प्रॅक्टिकल लांबतं, गट-प्रकल्पातला एकजण गायब होतो, तेव्हा तो खर्ची पडतो. राखीव वेळ नसलेलं वेळापत्रक पहिल्या पंधरवड्यातच मोडतं, आणि एकदा मोडलं की माणूस ते पाहणंच सोडून देतो.

सगळ्या तारखा एका कागदावर

अभ्यासक्रमाचे आराखडे हाती आले की एक मोठा कागद आडवा घ्या, किंवा स्प्रेडशीट उघडा. वर आठवड्यांचे रकाने: १, २, ३ असे सत्र संपेपर्यंत. डावीकडे विषय. प्रत्येक चाचणी, सबमिशन, प्रेझेंटेशन, व्हायव्हा आपापल्या चौकोनात टाका आणि शेजारी त्याचं वजन लिहा: एकूण गुणांपैकी १० टक्के, ३० टक्के, जे असेल ते. कॅलेंडरच्या ॲपमध्येही या तारखा घाला, पण ॲप एका वेळी एक दिवस किंवा एक महिना दाखवतं. गर्दी दिसते ती सबंध सत्र एका नजरेत आल्यावरच.

आता उभे रकाने वाचा. ज्या आठवड्यात तीन किंवा जास्त चौकोन भरलेत तो लाल करा. लाल आठवड्यातलं कुठलं काम दोन आठवडे आधी संपवता येईल ते ठरवा. चाचणी पुढे-मागे करता येत नाही, सबमिशन मात्र लवकर देता येतं.

मग येते मागून मोजणी, आणि खरी मेहनत इथेच घ्यावी. उदाहरण घेऊ. ३००० शब्दांचा निबंध, दहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी द्यायचा. आठ लेख वाचून टिपणं काढायला प्रत्येकी एक तास, म्हणजे ८. मुद्द्यांचा सांगाडा २. पहिला मसुदा ताशी ३०० शब्दांच्या वेगाने १०. फेरलेखन ४. संदर्भ आणि मांडणी २. एकूण २६ तास.

या २६वर विश्वास ठेवू नका. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात ५५हून जास्त लागले. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असाही प्रश्न होता. त्याचं उत्तर सुमारे ४९ दिवस आलं, म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजही कमीच पडला. कारण अंदाज करताना आपण काम सरळ पार पडतंय असं चित्र मनात धरतो. हवा तो लेख ग्रंथालयात नसणं, विषयच बदलावा लागणं, हे त्या चित्रात नसतं.

तेव्हा २६ला दीडने गुणा: ३९ तास. या निबंधाला आठवड्यात ६ तास देता येत असतील तर साडेसहा आठवडे हवेत. स्वतःची मुदत नवव्या आठवड्याच्या अखेरीला ठेवा, कारण शेवटच्या दिवशी सर्व्हर मंदावतो, प्रिंटर रुसतो आणि फाइल अपलोड होत नाही. तिथून मागे मोजलं तर सुरुवात तिसऱ्या आठवड्यात येते. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांनी विषयही निवडलेला नसतो. तारखांच्या कागदावर म्हणून दोन खुणा करा: द्यायची तारीख आणि त्याआधी कितीतरी रकाने अलीकडे, हिरव्या रंगात, सुरुवातीची तारीख. रोज पाहायची ती हिरवी.

गट-प्रकल्प असेल तर दीडऐवजी दोनने गुणा. चार जणांच्या वेळा जुळवणं हेच एक काम असतं.

पाया पक्का आहे का, ते तपासणं

सत्र सुरू होण्याआधी नवी पुस्तकं संपवायचा संकल्प सोडला जातो, आणि ते बरंच आहे. न शिकवलेलं प्रकरण एकट्याने वाचायला तिप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा मागच्या वर्षीचं जे नव्या विषयाला लागणार आहे ते तपासा. प्रत्येक विषयासाठी मागच्या वर्षाचे दहा प्रश्न काढा, पुस्तक बंद, एक तास, आणि सोडवा. सात-आठ जमले तर पुढे चला. पाच किंवा कमी जमले तर चुकलेले प्रश्न नेमक्या कोणत्या दोन-तीन संकल्पनांवरचे आहेत ते पाहा आणि तेवढ्याच पुन्हा करा. सगळं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं की पहिलं प्रकरण चौथ्यांदा पाठ होतं आणि सातवं तसंच राहतं.

नव्या विषयाची मात्र तोंडओळख करून घ्या. अनुक्रमणिका, पहिलं प्रकरण, आणि जुन्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका उत्तरं शोधायला वाचायच्या नाहीत. प्रश्न कसे विचारतात, ‘व्याख्या लिहा’ जास्त की ‘कारणमीमांसा करा’, एवढं कळलं की लेक्चरमध्ये कान कुठे टवकारायचे ते समजतं.

नोट्सचं पान

कागद असो की लॅपटॉप, लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवसाआधी ठरलेली असावी. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली मांडणी अजून टिकून आहे, कारण ती उजळणीची सोय लिहितानाच करून ठेवते. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे ६ सेंटिमीटरवर उभी रेघ, तळाशी सुमारे ५ सेंटिमीटर सोडून आडवी. उजवीकडच्या मोठ्या भागात लेक्चर चालू असताना लिहायचं. डावी पट्टी तेव्हा कोरी ठेवायची. त्याच दिवशी संध्याकाळी, उजवीकडचं वाचून डावीकडे प्रश्न लिहायचे, आणि तळाशी दोन ओळींत सार.

संख्याशास्त्राचं एक पान घ्या. उजवीकडे लिहिलंय: ‘नमुन्याचं प्रचरण काढताना n ने नाही, n – 1 ने भागायचं. विचलनं नमुन्याच्याच सरासरीपासून घेतो. ती सरासरी नमुन्याला सगळ्यात जवळची, म्हणून वर्गांची बेरीज लहान येते. एक कमी करून भागलं की ती तूट भरते.’ डाव्या पट्टीत ‘प्रचरण’ एवढा शब्द लिहिला तर तो मथळा झाला, त्याचा उजळणीला उपयोग नाही. ‘नमुन्याचं प्रचरण काढताना एक कमी करून का भागायचं?’ असं लिहिलं की उजवी बाजू हाताने झाकून स्वतःची परीक्षा घेता येते. डावीकडे प्रश्नच सुचत नसेल तर तो भाग समजलेला नाही, एवढं त्याच संध्याकाळी कळतं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारता येतं.

झाकून आठवण्याला एवढं महत्त्व का, याला आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा भास होतो. घोकंपट्टीचं समाधान हेच असतं. म्हणून वेळापत्रकातच उजळणीचे तुकडे ठेवा: लेक्चरच्या संध्याकाळी दहा मिनिटं, दोन-तीन दिवसांनी, आठवड्याने, आणि महिन्याने. दर वेळी प्रश्न वाचायचा, उत्तर आठवायचं, मगच हात काढायचा.

हाताने लिहावं की टाइप करावं, यावर वाद आहे. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांच्या प्रयोगांत हाताने लिहिणारे संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. धोका लॅपटॉपमध्ये नसून शब्दन् शब्द उतरवून घेण्याच्या मोहात आहे, आणि टायपिंग जलद असलं की तो मोह जास्त होतो. सूत्रं आणि आकृत्या असलेल्या विषयाला मात्र वही सोडू नका.

फायली आणि बॅकअप

वर्षाचा एक फोल्डर, आत विषयाचे फोल्डर, प्रत्येकात लेक्चर, असाइनमेंट, वाचन असे तीन. यापेक्षा खोल गेलं की फाइल ठेवायचाच कंटाळा येतो आणि सगळं डाउनलोड्समध्ये साचतं. फाइलच्या नावात तारीख सुरुवातीला आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, मग यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. दिवस आधी लिहिला तर महिन्यांची सरमिसळ होते. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘खरी फायनल’ या नावांनी चुकीची प्रत सबमिट झाल्याची उदाहरणं दर वर्षी घडतात. आवृत्तीला ०१, ०२ असे आकडे द्या.

बॅकअपचा नियम ३-२-१ असा सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. विद्यार्थ्याला हे सहज जमतं. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या ड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर. क्लाउडचं सिंक हाच बॅकअप असं समजू नका. लॅपटॉपवर फाइल चुकून पुसली गेली तर सिंक ती तत्परतेने क्लाउडवरूनही पुसतं. कचरापेटीतून ती काही दिवस परत मिळते, पण चूक लक्षात आली तर. आठवड्यातून एकदा ड्राइव्ह जोडायचा वार ठरवा, आणि सत्राआधी एकदा बॅकअपमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. कधीच न उघडलेला बॅकअप चालतो की नाही हे नेमकं संकटात कळतं.

संगणकाचे अपडेट्स सत्राच्या आठवडाभर आधी करून घ्या, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर चालेनासं झालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. काही विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या खात्यावर ते फुकट मिळतं का पाहा. संदर्भांसाठी झोटेरोसारखं मोफत साधन पहिल्या लेखापासूनच वापरा. चाळीस संदर्भ शेवटच्या रात्री हाताने लिहिणं ही शिक्षा आहे. आणि देवनागरीत लिहिणार असाल तर युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचं जंगल होऊन उघडतं.

झोपेचं घड्याळ

सुट्टीत दहाला उठणाऱ्याला साडेसहाला उठायचं असेल तर साडेतीन तास मागे यायचंय. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणलं तर सात टप्पे, म्हणजे चौदा दिवस लागतात. म्हणून दोन आठवडे आधी सुरुवात. झोपायची वेळ ओढून लवकर आणता येत नाही, अंथरुणात कूस बदलत पडावं लागतं. उठायची वेळ पक्की केली आणि उठल्यावर लगेच उजेडात गेलं की झोप रात्री आपोआप लवकर येऊ लागते. रविवारी पुन्हा दहापर्यंत ताणलं तर आठवड्याची कमाई बरीचशी जाते.

चष्म्याचा नंबर, दात, नेहमीच्या औषधांचा साठा ही कामंही याच दिवसांत उरका.

पैसे आणि पुस्तकं

सत्रासाठीची रक्कम आठवड्यांनी भागा, पण समान भागू नका. पहिला महिना कायम महाग असतो. आधी दहावा हिस्सा बाजूला काढा, मग पहिल्या महिन्याला दीडपट धरून उरलेलं वाटा. पुस्तकं दुसऱ्या आठवड्याआधी घेऊ नका. यादीतली काही पुस्तकं फक्त एका प्रकरणासाठी असतात आणि ग्रंथालयातून भागतं. जुनी आवृत्ती चालते का हे ठरवताना दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवा. धडे तेच असले तरी सोडवायच्या उदाहरणांचे क्रमांक बदललेले असू शकतात, आणि गृहपाठ त्या क्रमांकांनीच देतात.

पहिला ते तिसरा आठवडा

पहिल्या लेक्चरच्या आदल्या दिवशी वर्ग शोधून या. इमारतीचं नाव वेळापत्रकात संक्षेपाने लिहिलेलं असतं आणि त्याच संक्षेपाच्या दोन इमारती असणं दुर्मीळ नाही. पहिलं लेक्चर ‘नुसती ओळख असते’ म्हणून दांडी मारू नका. गुणांची विभागणी, उशिरा दिल्याचा दंड, हजेरीचा नियम हे बहुधा त्याच तासात सांगतात आणि पुन्हा सांगत नाहीत. प्रत्येक विषयात किमान दोघांचे नंबर घ्या. एकच असला तर तोही त्याच दिवशी गैरहजर असतो.

प्राध्यापकांना ईमेल लिहावा लागला तर विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव आणि मुद्दा, आत नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, एकच प्रश्न, आणि तो सोडवायला तुम्ही आधी काय केलंत ते एका ओळीत. ‘सर, मला तिसरं प्रकरण समजलं नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘पान ६२ वरच्या तिसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?’ याला दोन ओळींत देता येतं, म्हणून ते येतं.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी तारखांचा कागद आणि तासांचा हिशेब घेऊन पाऊण तास बसा. ठरवलेल्या १८ तासांपैकी मागच्या आठवड्यात खरोखर किती झाले ते लिहा. दहा-अकरा झाले असतील तर उरलेले सात-आठ तास कुठे गेले ते शोधा. प्रवासाला दीडऐवजी दोन तास लागत असतील, दर लेक्चरनंतर अर्धा तास गप्पांत जात असेल, तर तो खर्च हिशेबात नीट लिहा आणि उरलेल्यांतून नवं वेळापत्रक करा. हिरव्या खुणांपैकी कुठली मागे पडली तेही तेव्हाच पाहा. विषय बदलायची किंवा सोडायची मुदत बऱ्याच ठिकाणी याच सुमारास संपते. एखादा विषय झेपत नाही असं कागद सांगत असेल, तर सोमवारी सकाळी कार्यालयात पहिल्यांदा त्याच कामाच्या खिडकीवर जा.